हिशेबाची वही आणि मनाची विचारपूस

मागच्या व्याख्यानानंतर माझ्याकडे ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यातली एक मी जपून ठेवली. नाव नव्हतं, अक्षर बाईचं वाटलं. लिहिलं होतं, “सर, तुम्ही तासभर आत्मपरीक्षणाबद्दल बोललात. पण मनच बिघडलं असेल तर त्याच मनानं ते तपासायचं कसं? आणि कळलंच, तर जायचं कुणाकडे?” त्या दिवशी वेळ संपली होती. खरं सांगायचं तर वेळ असता तरी मी काहीतरी गोल गोल बोलून सुटलो असतो. म्हणून आज तेवढाच विषय घेतलाय. अर्धा भाग तत्त्वज्ञानाचा आहे, अर्धा अगदी व्यवहाराचा. मी डॉक्टर आहे तो पीएच.डी.चा, औषधाचा नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. (हशा)

सुरुवात माझ्यापासूनच करतो, कारण हा प्रश्न मला पुस्तकातून नाही, घरातून कळला.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी ऑस्ट्रेलियात, तिचं बाळंतपण होतं, म्हणून आमच्या सौ. सहा महिन्यांसाठी तिकडे गेल्या. मी कोल्हापुरात एकटा. जाताना त्यांनी मला एकच काम सांगितलं: “अहो, हिशेबाची वही रोज लिहायची. एक दिवसही चुकवायचा नाही.” आमच्याकडे ती वही चाळीस वर्षं चालू आहे, आणि मी आज्ञाधारक माणूस. लिहीत राहिलो.

पहिले दोन महिने मजेत गेले. सकाळी रंकाळ्यावर फेरी, तिथे आमचा पाच-सहा म्हाताऱ्यांचा कट्टा, दुपारी वाचन. मग हळूहळू फेरी बंद झाली. कट्ट्यावरचे लोक फोन करायचे, मी म्हणायचो, जरा लिखाणात आहे. लिखाण वगैरे काही चाललं नव्हतं. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच, आणि मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचं. वाचनालयातून आणलेली पुस्तकं तशीच परत जायची, तीही दंड भरून. नातवाचा जन्म झाला, व्हिडिओ कॉलवर त्याला दाखवलं. मी हसलो, ‘वा वा’ म्हणालो, आणि मनात आलं, आता हा फोन कधी संपेल?

आता यातली खरी गंमत ऐका. मी पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस. माझ्याकडे या सगळ्याला एक सुरेख नाव तयार होतं. मी स्वतःला सांगितलं, हे वैराग्य आहे. वय झालं, आसक्ती गळून पडतेय, गप्पांत रस नाही, खाण्यात रस नाही, उत्तम झालं! उलट थोडा अभिमानच वाटायचा. सौ. रोज फोनवर विचारायच्या, “सगळं ठीक ना?” मी म्हणायचो, “एकदम ठीक.” आणि ते खोटं नव्हतं हो. मला खरोखरच तसं वाटत होतं.

त्या परत आल्या, दोन दिवस झोपल्या, तिसऱ्या दिवशी चष्मा लावून वही उघडली. पाच मिनिटांनी आवाज आला, “अहो, तीन महिन्यांत एकदाही भाजी नाही?”

मी बघायला गेलो. जून-जुलैची पानं भरलेली: वांगी, मेथी, आंबे संपता संपता शेवटची पेटी, कटिंगचे पैसे, रिक्षा, रंकाळ्यावरचा चहा, एक पुस्तक, कुणाच्या तरी मुंजीचा अहेर. ऑगस्टच्या मध्यापासून पुढे काय? दूध. ब्रेड. केळी. दूध. लाइट बिल. दूध. ब्रेड. वाचनालयाचा दंड. तीन महिने केस कापलेले नाहीत, रिक्षा नाही, चहा नाही, कुणाकडे जाणं नाही. माझ्याच अक्षरात, रोजच्या रोज, तारखेसह. आणि मला पत्ता नाही!

वैराग्य आलेला माणूस केस कापायचं विसरत नाही हो. तो त्यातून मोकळा होतो. वैराग्यात एक हलकेपणा असतो, माणसांबद्दलची माया वाढते असंच सगळे संत सांगत आलेत. माझी माया आटली होती आणि अंग शिशासारखं जड झालं होतं. हे नैराश्य होतं. डॉक्टरी भाषेतलं डिप्रेशन. पण ते मी सौं.च्या वहीत वाचलं, मनात नाही.

आता तत्त्वज्ञानाकडे येतो, फार वेळ घेत नाही. आपल्या मनात काय चाललंय ते आपल्याला आपोआप कळतं का, हा आपल्याकडचा फार जुना वाद आहे. प्रभाकराच्या पंथाचे मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वयंप्रकाश आहे. दिवा दुसऱ्याला दाखवतो तसा स्वतःलाही दाखवतो. नैयायिक म्हणतात, नाही. ‘हा घडा आहे’ हे एक ज्ञान, आणि ‘मला घड्याचं ज्ञान झालं’ हे त्यानंतरचं दुसरं ज्ञान. त्या दुसऱ्या ज्ञानाला ते अनुव्यवसाय म्हणतात. ते मनामुळे होतं, आणि मन हे त्यांच्या मते एक इंद्रियच आहे, आतलं इंद्रिय. शिवाय ते अणूएवढं, त्यामुळे एका वेळी एकाच गोष्टीला लागू शकतं. आता विचार करा, ज्या इंद्रियानं तपासायचं तेच थकलं असेल तर? काविळीत सगळं पिवळं दिसतं हे उदाहरण आपले शास्त्रकार सारखं देतात. काविळीचा माणूस स्वतःच्या डोळ्यानं स्वतःची कावीळ कशी ओळखणार?

तिसरं मत कुमारिल भट्टांच्या परंपरेचं. ते मी वर्गात नेहमी उरकून टाकायचो, कारण ते मला विचित्र वाटायचं. भाट्ट म्हणतात, आपलं ज्ञान आपल्याला प्रत्यक्ष कळतच नाही. वस्तू ज्ञात झाली आहे, तिच्यात ‘ज्ञातता’ आली आहे, यावरून आपण अनुमान करतो की ज्ञान झालं असलं पाहिजे. म्हणजे स्वतःच्या आतलं सुद्धा बाहेरच्या खुणेवरून ओळखायचं. मी विद्यार्थ्यांना सांगायचो, हा जरा द्राविडी प्राणायाम आहे. त्या वहीनं मला भाट्टांची माफी मागायला लावली. हे विद्वान ज्ञानाबद्दल बोलत होते, मनःस्थितीबद्दल नव्हे, मी थोडी ओढाताण करतोय, हे मला माहीत आहे. सभेत कुणी मीमांसक असतील तर नंतर भेटा. (हशा) पण मला यातून जे मिळालं ते असं: मनाची विचारपूस करायची तर ‘तुला कसं वाटतंय?’ या प्रश्नावर थांबू नका. त्याचं उत्तर तेच थकलेलं मन देणार. बाहेर काय उमटलंय ते बघा.

इथे एक धोक्याची सूचना देणं भाग आहे. आत्मपरीक्षण हा शब्द ऐकला की काही लोक खोलीचं दार लावून स्वतःला उकरत बसतात. माझं असं का होतं? मीच असा का? त्या वेळी मी असं का वागलो? गाय-म्हैस जसा रवंथ करते तसा हा विचारांचा रवंथ. सुझन नोलेन-होक्सेमा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर याच गोष्टीचा अभ्यास केला, आणि त्यांचा निष्कर्ष असा की या रवंथानं उदासी कमी होत नाही, लांबते आणि खोल जाते. झिम्बाब्वेमधल्या शोना भाषेत नैराश्याच्या जवळपासच्या अवस्थेला जो शब्द आहे, कुफुंगिसिसा, त्याचा अर्थच ‘फार विचार करणं’ असा आहे. आपल्याकडेही बायका डॉक्टरला सांगतात ना, “डोक्यात नुसते विचार विचार येतात हो.” शब्द वेगळा, तक्रार तीच.

मग रवंथ आणि विचारपूस यांत फरक काय? रोममध्ये सेनेका नावाचा स्टोइक तत्त्वज्ञ होता. त्यानं रागावर लिहिलेल्या ग्रंथात आपली रोजची सवय सांगितली आहे. रात्री दिवा काढला, बायको गप्प झाली (तिला नवऱ्याची ही सवय माहीत होती), की तो दिवसभरातलं आपलं वागणं समोर ठेवायचा. मला यातल्या दोन गोष्टी आवडतात. एक, याला वेळ ठरलेली आहे. दिवा गेला की सुरू, झोप लागली की बंद. दुसरी, तो स्वतःवर खटला चालवतो, पण निकाल देताना स्वतःला माफही करून टाकतो. आपण काय करतो? खटला रोज चालवतो, निकाल कधीच देत नाही. नुसती तारीख पे तारीख.

तर मी काय करतो ते सांगतो. हे शास्त्र नव्हे, माझी सोय आहे. दर रविवारी सकाळी, चहानंतर, दहा मिनिटं. रोज नाही. रोज केलं की माझा रवंथ सुरू होतो, तुमचं वेगळं असू शकेल. वहीच्या मागच्या पानावर पाच ओळी. झोप: किती दिवस पहाटे जाग आली. जेवण: नीट किती वेळा जेवलो, भाजी आणली का. माणसं: या आठवड्यात कुणाशी समोरासमोर बोललो, नावं लिहायची. कामं: अंघोळ, दाढी, कपडे, बिलं, जी कामं विचार न करता व्हायला पाहिजेत ती होतायत की ढकलावी लागतायत. आणि शेवटची ओळ, मजा: कशात मजा आली. ‘का’ हा शब्द त्या पानावर लिहायचा नाही असा मी नियम केलाय. काय झालं, किती वेळा झालं, एवढंच. आपलं पान आपल्या आयुष्यावरून ठरवा. कॉलेजातल्या मुलाच्या वहीत पहाटे तीनची जाग असणार नाही, पहाटे तीनला फोन खाली ठेवला असेल. घरकाम आणि नोकरी दोन्ही करणाऱ्या बाईच्या वहीत ‘माणसं’ भरपूर असतील आणि ‘मजा’ कोरी. स्वयंपाक अळणी व्हायला लागला, शेजारणीला बघून जिना चढायचा थांबवला, गाडीवर विनाकारण लोकांवर ओरडायला लागलो, या सगळ्या खुणाच आहेत. पुरुषांत तर नैराश्य पुष्कळदा चिडचिड होऊनच बाहेर येतं.

आणि महिन्यातल्या पहिल्या रविवारी ते पान सौ. वाचतात. हे सगळ्यात महत्त्वाचं. मी स्वतःला फसवू शकतो, त्यांना नाही. तुमच्याकडे बायको-नवरा असेलच असं नाही, असला तरी तोच योग्य असेल असंही नाही. बहीण चालेल, मित्र चालेल, शेजारचे काका चालतील. एक माणूस असा, ज्याला तुम्ही आधीच सांगून ठेवलंय की बाबा रे, माझ्यात बदल दिसला तर मला तोंडावर सांगायचं, आणि मी ‘ठीक आहे’ म्हणालो तर विश्वास ठेवायचा नाही.

पाच ओळींपेक्षा शास्त्रशुद्ध काही हवं असेल तर पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली आहे. २००१ साली प्रसिद्ध झाली, जगभर डॉक्टर वापरतात, मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न: रस वाटतो का, उदास वाटतं का, झोप, थकवा, भूक, अपराधी वाटणं, एकाग्रता, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थता, आणि नववा, मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, म्हणजे एकूण २७. साधारण १० किंवा त्याहून वर गेलं की डॉक्टरांना भेटावं असं मानतात. आणि नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं, तर एकूण बेरीज बघत बसायचं नाही, लगेच कुणाशी तरी बोलायचं. हे निदान नव्हे हं. ताप मोजण्यासारखं आहे. थर्मामीटर ताप सांगतो, टायफॉइड की मलेरिया ते सांगत नाही. पण त्यातले ‘दोन आठवडे’ लक्षात ठेवा. चार दिवस वाईट जाणं हे माणसाचं जगणं आहे. मनाची उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवडे, बहुतेक सगळे दिवस, टिकलं आणि रोजची कामं अडायला लागली, की ती डॉक्टरला सांगायची गोष्ट झाली.

आता चिठ्ठीतला दुसरा प्रश्न. जायचं कुणाकडे?

पहिलं पाऊल आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे. मी तेच केलं. त्यांनी मला तत्त्वज्ञान विचारलं नाही, झोप विचारली, भूक विचारली, आणि रक्त तपासायला पाठवलं. थायरॉइड कमी असेल, बी-१२ कमी असेल, हिमोग्लोबिन उतरलं असेल, तर माणूस अगदी असाच दिसू शकतो. रक्तदाबाच्या किंवा इतर चालू गोळ्यांचाही परिणाम असू शकतो. माझं बी-१२ खरंच कमी निघालं. इंजेक्शनं घेतली, थकवा जरा कमी झाला, पण पहाटे तीन काही हलले नाहीत. मग त्यांनी मला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं.

इथे लोकांचा फार गोंधळ होतो, म्हणून सांगतो. मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हा एमबीबीएस करून पुढे त्या विषयात शिकलेला डॉक्टर. तो औषध लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा मानसशास्त्रातला, चाचण्या आणि मानसोपचार करणारा, त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. ती विचारायला लाजू नका. समुपदेशक, काउन्सेलर, या शब्दाखाली मात्र फार वेगवेगळी माणसं बसलेली असतात. काही उत्तम शिकलेली, काही आठवड्याचा कोर्स करून पाटी लावलेली. शिक्षण काय, अनुभव किती, कुठल्या पद्धतीनं काम करता, फी किती, माझं बोलणं तुमच्यापाशी राहील ना, हे पाच प्रश्न पहिल्याच फोनवर विचारा. जो या प्रश्नांवर चिडेल त्याच्याकडे जाऊ नका.

माझा पहिला अनुभव चांगला नव्हता. ज्यांच्याकडे गेलो त्यांनी तास त्यांच्याच बोलण्यात घालवला. सकारात्मक विचार करा, तुमच्याकडे सगळं आहे, तरुणांना बघा काय काय सोसतात. व्याख्यान द्यायला मीही शिकलोय हो! मी घरी येऊन म्हणालो, झालं, हा प्रकार आपल्यासाठी नाही. सौ. म्हणाल्या, “एक चप्पल लागली म्हणून अनवाणी फिरणार का?” दुसऱ्या ठिकाणी गेलो. तिथल्या बाई माझ्या मुलीपेक्षा लहान. त्यांनी मला आठवडाभराचं एक वेळापत्रक करायला लावलं, सोमवारी भाजी, मंगळवारी कट्टा, इच्छा असो वा नसो. मला ते बालिश वाटलं. पण तत्त्वज्ञानाच्या माणसाला एक गोष्ट उशिरा कळते: इच्छा झाली की काम करायचं असा क्रम नेहमी नसतो. कधी कधी काम आधी, इच्छा नंतर. नैराश्यात तर बहुतेक वेळा असाच.

ही माझ्या एकट्याची गोष्ट नाही. गोव्यात संगाथ नावाची संस्था आहे. तिथे डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक प्रयोग केला, तो २०१७ साली लॅन्सेट या नियतकालिकात आला. तज्ज्ञ नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांबरोबर बसून थोड्याच भेटींत हेच केलं: बंद पडलेल्या छोट्या छोट्या गोष्टी पुन्हा सुरू करायला मदत. नेहमीच्या उपचारांना याची जोड मिळाली तेव्हा लोक जास्त सुधारले. मोठा खर्च नाही, मोठी यंत्रं नाहीत.

औषधांबद्दल दोनच वाक्यं. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणूनही एकदम बंद करू नका. डॉक्टर हळूहळू कमी करतात. मी सव्वा वर्ष घेतल्या. सवय लागेल, डोकं बधिर होईल, अशी भीती मला चार जणांनी घातली. त्यातला एकही डॉक्टर नव्हता.

पैसे नसतील तर? सरकारी जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो. केसपेपर काढायचा आणि रांगेत बसायचं, गर्दी असते, पण मिळतं. महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांची बाह्यरुग्ण सेवाही असते, तिथे गेलं म्हणजे दाखलच करतात असं नाही. गोव्यात बांबोळीला अशी संस्था आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही संस्था मराठी माणसाला माहीत असते. आणि घरबसल्या सुरुवात करायची तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. फोन लावल्यावर काय बोलायचं ही अडचण असते ना? वहीतलं पानच वाचून दाखवा. “तीन आठवडे झोप नाही, कामाला जाववत नाही.” एवढं पुरतं. तुमची जन्मकथा कुणी मागत नाही.

आपला कायदाही या बाबतीत चांगला आहे, दुर्दैवानं लोकांना तो माहीत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, मे २०१८ पासून लागू आहे. त्यात सरकारी खर्चानं चालणाऱ्या सेवांमधून मानसिक उपचार मिळणं हा हक्क म्हणून लिहिलाय, माहिती गुप्त राहण्याचा हक्क लिहिलाय, आणि विमा कंपन्यांनी मनाच्या आजारांना शरीराच्या आजारांसारखंच धरावं असंही लिहिलंय. तरीही निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत जे राष्ट्रीय सर्वेक्षण केलं, त्यात वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. पण आपलं चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही, हे माझं मत.

आता जे सांगतो ते जरा सावकाश ऐका. कुणी जवळचं माणूस ‘जगून काय करायचं’ असं बोललं, तर सरळ विचारा: “आत्महत्येचे विचार येतात का?” हा शब्द उच्चारल्यानं तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. असला तर आधीच असतो, आणि कुणी विचारलं म्हणून माणसाला पुष्कळदा सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं, तर त्याला एकटं सोडायचं नाही. घरातल्या गोळ्या, कीटकनाशकाचे डबे हलवायचे, शेतकऱ्याच्या घरी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. १४४१६ लावायचा. प्रसंग हातघाईचा असेल तर ११२, किंवा थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयात. पोलिसांच्या भीतीनं लोक लपवतात. त्याच २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमात म्हटलंय की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं, आणि त्याची काळजी घेणं, पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी आहे. उपचार आधी.

आणखी एक तरतूद मला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून फार आवडते. त्या कायद्यानं कुणीही सज्ञान माणूस, बरा असताना, आगाऊ निर्देश लिहून ठेवू शकतो: उद्या मला मानसिक आजार झाला आणि माझा निर्णय मला घेता आला नाही, तर मला कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि माझ्या वतीनं कोण बोलेल. होमरच्या महाकाव्यात ओडिसियस स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो, कारण त्याला माहीत असतं की पुढे जी गाणी ऐकू येणार आहेत त्यांत त्याचा स्वतःवर ताबा राहणार नाही. शहाणं असतानाच्या आपण, शहाणं नसतानाच्या आपल्यासाठी केलेली व्यवस्था. मी तो कागद अजून केलेला नाही, कबूल करतो. पण वहीच्या पुठ्ठ्याच्या आत तीन गोष्टी लिहून ठेवल्यात: डॉक्टरांचा नंबर, १४४१६, आणि ‘सौं.नी सांगितलं की वाद घालायचा नाही’.

वेळ झाली, एक प्रश्न घेतो. हां, मागच्या ताई, बोला.

(प्रश्न: घरातले लोक यायलाच तयार नसतात. माझे मिस्टर म्हणतात, मी काय वेडा आहे का?)

तुमच्या मिस्टरांना मानसोपचार हा शब्द सांगू नका. झोपेसाठी चला म्हणा, नेहमीच्या डॉक्टरांकडे चला म्हणा. आणि डॉक्टरांना आधी फोन करून सांगून ठेवा की नैराश्याचंही विचारा. भांडणाच्या मध्ये हा विषय काढू नका, चांगल्या सकाळी काढा. “तुम्ही बदललात” असं म्हणालात तर ते नाही म्हणतील. “तुम्ही वीस दिवस पेपर उघडला नाही” याला नाही म्हणता येत नाही. आणि तरीही आले नाहीत, तर तुम्ही जा. एकट्या. टेलि-मानसला घरच्यांनाही फोन करता येतो, काय करावं ते विचारता येतं. शिवाय त्यांचं बघता बघता तुमची झोप कशी आहे, ते मला कुणी सांगितलं नाही अजून. ती वही तुमच्यासाठीही आहे हो, ताई. बसा, नंतर बोलू आपण, मी इथेच आहे.